पंडित भातखंडे आणि माझा कॉम्प्युटर

मित्रांनो, शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, १९३६ साली गेलेल्या माणसाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी थोडी माझी गोष्ट सांगतो, मग त्यांची.

थर्ड इयरला मला 'प्युअर डेटा' नावाच्या सॉफ्टवेअरचा नाद लागला. मिलर पकेट या अमेरिकन माणसानं ते १९९६ च्या सुमारास तयार केलं आणि ते फुकट मिळतं. यात सी-प्रोग्रामसारख्या ओळी लिहायच्या नसतात. स्क्रीनवर चौकटी मांडायच्या आणि वायरींनी जोडायच्या, लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर सर्किट जोडतो तसं. एक चौकट ऑसिलेटरची, एक व्हॉल्यूमची, एक घड्याळाची. जोडणी बरोबर झाली की हेडफोनमध्ये सूर येतो. अर्ध्या सेकंदाला एक ठोका देणारं घड्याळ घेतलं, सोळापर्यंत मोजून पुन्हा एकवर आणलं, की झाला तीनताल. पिपरी मेघेतल्या आमच्या खोलीत रात्री दोन वाजता पहिल्यांदा तो स्पीकरवर वाजला, तेव्हा रूम पार्टनरनं उशी फेकून मारली!

नाद लागण्याचं खरं कारण वेगळं होतं. माझे आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी स्वतः बांधलेल्या आठ-दहा चाली होत्या. मी बारावीत असताना ते गेले. त्यातली एक चाल मला कॉम्प्युटरवर उतरवायची होती. बसलो तेव्हा कळलं, मुखडा आठवतो पण अंतरा आठवत नाही. बाबांनाही आठवेना. मंडळातल्या दोघांना विचारलं तर त्यांनी दोन वेगवेगळे अंतरे गाऊन दाखवले. कॉम्प्युटर तयार, वायरी तयार, पण वाजवायचं काय तेच हातात नाही.

वर्गातल्या एका मित्राची बहीण गाण्याच्या परीक्षा देते. तिनं स्वर लिहायला शिक म्हणून भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चा एक भाग दिला. मी पुस्तक उघडलं आणि पाहतच राहिलो. ही तर चिन्हांची भाषा! स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल. म वर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्र सप्तकाचं, वर टिंब तार सप्तकाचं. समेला फुली, खालीला शून्य. वर कमान म्हणजे मींड, खाली कमान म्हणजे तेवढे स्वर एका मात्रेत. आणि कंसातला स्वर तर कमालच आहे. नुसतं (प) लिहिलं की गाणाऱ्यानं ध प म प असे चार स्वर घ्यायचे. आपण प्रोग्रामिंगमध्ये याला मॅक्रो म्हणतो. हे सगळं ज्यानं बसवलं तो माणूस कोण, म्हणून मी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला, दिवस गोकुळाष्टमीचा. घर गवयाचं नव्हतं. ते १८८५ साली बी. ए. आणि १८८७ साली एलएल. बी. झाले. काही काळ कराचीला आणि मग मुंबईत त्यांनी वकिली केली. पण कॉलेजात असतानाच ते सतार शिकत होते आणि १८८४ पासून मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त जात होते. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना शेकडो ध्रुपदं मिळाली. म्हणजे डिग्री एका ब्रँचची आणि जीव दुसरीकडे. आपल्या हॉस्टेलमध्येही अशी उदाहरणं कमी नाहीत.

१९०० साली त्यांची पत्नी गेली, १९०३ साली एकुलती मुलगी. चाळिशीत माणूस एकटा पडला. पुढच्याच वर्षी ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. एट्टयापुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले आणि व्यंकटमखींच्या 'चतुर्दंडिप्रकाशिका' या सतराव्या शतकातल्या ग्रंथाची प्रत मिळवली. त्यात ७२ मेळांची योजना आहे. मध्यम दोन प्रकारचे, रे-ग च्या जोड्या सहा, ध-नि च्या जोड्या सहा. दोन गुणिले सहा गुणिले सहा, बरोबर ७२. एम-थ्रीमधलं परम्युटेशन-कॉम्बिनेशनच समजा!

पुढे उत्तरेत आणि पूर्वेकडे फिरून ते गवयांना भेटले. त्या काळी घराण्याची चीज म्हणजे घरातला दागिना, परक्याला कोण दाखवणार? तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. जयपूरच्या महंमद अली खाँच्या घराण्याकडून त्यांनी कितीतरी चिजा मिळवल्या, रामपूरला नवाबाचं शिष्यत्वही पत्करलं. १९१० च्या सुमारास वकिली सोडली. 'चतुर पंडित' या टोपणनावानं संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिलं आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी आल्या. रागांची मांडणी त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी अशा दहा थाटांत केली.

मी हे दहा थाट दहा चौकटींत भरले आणि थाट बदलायला एक बटण दिलं. एक-दोन दिवस खुशीत होतो. मग अहीर भैरव टाकला आणि गाडी अडली. कोमल रे, शुद्ध ध आणि कोमल नि एकत्र असणारा थाट दहांत नाहीच! त्याला भैरवातच सांभाळून घेतात. दरबारीचा गंधार तर आणखी अवघड. तो एका जागी थांबत नाही, हलतो. एक आकडा देऊन भागेना, शेवटी अगदी मंद गतीचा दुसरा ऑसिलेटर जोडावा लागला. तरीही तो गंधार यंत्राचाच वाटतो.

हा वाद त्यांच्या हयातीतही झाला. १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींवर काम केलं होतं. त्यांच्या श्रुती-हार्मोनियमवर तिथे बरीच चर्चा झाली, पण तो मान्य झाला नाही. भातखंड्यांनी शिकवण्यासाठी बारा स्वरच धरले. सोय आणि सूक्ष्मता यांत त्यांनी सोय निवडली. म्हणूनच त्यांची लिपी घरोघर पोचली आणि म्हणूनच तिच्यात सगळं मावत नाही. माझ्या मते या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उस्तादांना शास्त्र कळत नाही, अशी टीका त्यांनी पुष्कळ केली. ती आज वाचताना बोचते, कारण चिजा तर त्याच उस्तादांच्या गळ्यातून आल्या होत्या.

ते नुसते लिहीत बसले नाहीत. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयाच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, तेच आजचं भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते पुढे सांभाळलं. म्हणजे पुस्तकाच्या शेजारी शिकवणारा हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९३३ साली पक्षाघातानं ते अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, गेले.

आजोबांच्या चालीचं काय झालं? गेल्या दिवाळीत गावी जाऊन मी दोन्ही अंतरे भातखंडे लिपीत लिहून काढले. कोणता अंतरा कोणी गायला तेही बाजूला लिहिलं. खरा कोणता ते आता कोणीच सांगू शकत नाही. मुखडा आणि दोन्ही अंतरे प्युअर डेटात वाजतात. मंडळातल्या काकांनी ऐकून मान हलवली, मग पेटी पुढं ओढली आणि कुठे कुठे चुकलं ते वाजवून दाखवलं. मी ते वहीत लिहून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी ओव्या म्हणत असेल, कोणी खंजिरीवर भजन म्हणत असेल. या सुट्टीत वही घेऊन शेजारी बसा. वायरी नंतर जोडता येतील.