मौलाना आझाद आणि दीनी तालीमचा प्रश्न



नांदेड किंवा लातूरच्या मोहल्ल्यांत हाती सिपारा घेऊन मकतबला निघालेली मुले आपण नेहमीच पाहता. हीच मुले दप्तर घेऊन शाळेतही जातात. मग शाळेच्या वेळेतच त्यांना दीनी तालीमसाठी का सोडू नये, असे आपणांस कधी वाटले असेल. या प्रश्नाशी ज्यांना प्रत्यक्ष झगडावे लागले, त्या मरहूम मौलाना अबुल कलाम आझाद यांचे स्मरण आज करू या.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. बालपण कलकत्त्यास गेले. शाळेची पायरी ते चढले नाहीत. विद्वान वडिलांनी व उस्तादांनी त्यांना घरीच शिकविले. १९१२ साली त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढले. पुढे इंग्रज सरकारने रांचीस नजरकैदेत ठेवले, तर तेथेही त्यांनी मदरसा उभारला. १९४२ ते १९४५ या काळात आपल्या महाराष्ट्रातील अहमदनगरच्या किल्ल्यात ते बंदिवान होते आणि त्याच काळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

१९४७ साली ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील उस्मानिया विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांस दीनियात व इतरांस नीतिशास्त्र सक्तीचे असे. स्वतंत्र देशात काय करावे? जानेवारी १९४८ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळापुढे मौलानांनी आपली चिंता मांडली. सरकारने अंग काढून घेतले तर लोक धर्मशिक्षण थांबविणार नाहीत. ते अर्धशिक्षित व संकुचित दृष्टीच्या माणसांच्या हाती जाईल, अशी ती चिंता होती.

घटनेने मात्र वेगळी वाट धरली. कलम २८ प्रमाणे केवळ सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत अज्ञान मुलावर पालकांच्या संमतीवाचून त्याची सक्ती करता येत नाही. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. अमेरिकेत पालकांच्या संमतीने शाळेच्या वेळेत मुलांना बाहेरच्या धर्मवर्गास सोडण्याची पद्धत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली मान्य केली. आपल्याकडे मात्र मौलानांच्याच कारकीर्दीतील मुदलियार आयोगाने धर्मशिक्षण ऐच्छिक, संमतीने आणि शाळेच्या नियमित वेळेबाहेर असावे असे सुचविले.

मौलानांनी घटनेचा निर्णय शिरोधार्य मानला आणि शिक्षणाचे कार्य थांबविले नाही. खरगपूरची तंत्रशिक्षण संस्था व विद्यापीठ अनुदान आयोग त्यांच्याच काळात उभे राहिले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. १९९२ साली त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ देण्यात आले.

वाचकहो, गणिताचा तास बुडवून मकतब नको आणि शाळेसाठी मकतब सोडणेही नको. मुलांना दोन्हींसाठी वेळ आहे. परंतु मौलानांची चिंता आजही आपल्या दारात उभी आहे. सरकारने जे काम आपल्यावर सोपविले, ते आपण कोणाच्या हाती देतो? शाळेतील शिक्षकाची पात्रता आपण विचारतो. तशी मकतबच्या उस्तादांची कधी विचारली काय? त्यांना पुरेसा पगार दिला काय? आपल्या मुलांचा दीन आणि दुनिया, दोन्ही या उत्तरावर अवलंबून आहेत.