डॉक्टर नसलेला ‘डॉक्टर’ कोल्ट

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या संग्राहकांना सॅम्युएल कोल्ट हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. वैद्यकाशी आलेला त्याचा संबंध मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १८१४ मध्ये जन्मलेला हा मुलगा १८३० मध्ये जहाजावर काम करत कलकत्त्याच्या सफरीला निघाला. त्या सफरीत त्याने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. तो लोखंडात उतरवायला पैसे हवे होते. मग कसलीही पदवी नसताना ‘डॉक्टर’ म्हणवून घेत तो गावोगाव लोकांना नायट्रस ऑक्साइड हुंगवू लागला. माणसे हसत, झोकांड्या खात आणि तिकिटांचा पैसा बंदुका घडवणाऱ्या कारागिरांकडे जाई. याच वायूच्या अमलात दुखणे जाणवत नाही, हे हार्टफर्डच्याच होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये अशाच एका खेळात हेरले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची दाढ काढून घेतली. कोल्टने हा वायू कितीजणांना दिला असेल! पण त्याचे सारे लक्ष पिस्तुलात.

पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. मेक्सिकोच्या युद्धाने धंदा सावरला. त्याच्या पिस्तुलाच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असे. तो सगळीकडे जुळला की संग्राहक आजही हरखतात. १८६२ मध्ये, अवघ्या ४७ व्या वर्षी कोल्ट गेला. संग्राहकांचे लाडके १८७३ चे मॉडेल त्याने पाहिलेच नाही.