खिशात कात्री असलेला पाहुणा

भंडाऱ्यात खांब तलावाच्या बाजूला आमचा जुना वाडा होता. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत दवाखान्यातल्या एक नर्सबाई भाड्याने राहत. साल १९६८ असावे. मी आठ वर्षांचा होतो. बाईंचे स्वतःचे असे गावात कोणी नव्हते. पोळ्याला त्या आमच्याकडे जेवत, दिवाळीला शेजारी, संक्रांतीला तिसऱ्याच घरी. कोणाकडेही रिकाम्या हाताने मात्र जात नसत. कागदाचे फूल, चिंध्यांची बाहुली, काहीतरी स्वतः केलेले त्यांच्या हाती असायचेच.

डिसेंबरच्या अखेरीस हा रिवाज उलटा होई. आम्ही वाड्यातली पाच पोरे बाईंचे पाहुणे होत असू. डालड्याच्या रिकाम्या डब्यात वैनगंगेची वाळू भरून त्या सुरूची एक फांदी रोवत. हेच त्यांचे नाताळचे झाड. सजावटीला बाजारातून काही यायचे नाही. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, दवाखान्यातला कापूस, फुटक्या बांगड्यांची साखळी, कासाराकडून मागून आणलेला पितळेचा चकचकीत कीस. आणि सर्वांत मजेदार म्हणजे कोशाचे रिकामे कोष. आमचा जिल्हा टसर रेशमाचा. आतून पाखरू बाहेर पडलेला, भोक पडलेला कोष सलग धाग्याच्या कामाचा राहत नाही, म्हणून तो सहज मिळे. या कोषाला निसर्गानेच एक देठ दिलेला असतो. त्याच्या आधाराने तो रानात फांदीला लटकतो. त्या देठाला लाल दोरा बांधला की झाडावर टांगायचा दागिना तयार!

हे सगळे आता आठवायचे कारण माझी नात. तिच्या शाळेत नाताळचे झाड उभारणार होते आणि प्रत्येकाने घरून हाताने केलेली एक वस्तू आणायची होती. घोटीव कागद, कात्री आणि खळ घेऊन आम्ही दोघे बसलो, आणि कागद कापता कापता मला एका डॅनिश माणसाची आठवण झाली. त्याला आपण सगळे ओळखतो, पण गोष्टी सांगणारा म्हणून. राजहंसाचे ते कुरूप पिल्लू गदिमांनी मराठी घराघरांत नेले, त्या पिल्लाचा मूळ जनक हान्स क्रिस्टियन अँडरसन. हा मनुष्य आयुष्यभर खिशात कात्री घेऊन हिंडला, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

अँडरसनचा जन्म २ एप्रिल १८०५ चा, डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावातला. बाप चांभारकाम करी, आई लोकांचे कपडे धुई. राहायला एकच खोली. बाप गरीब खरा, पण वाचणारा होता. पोराला अरबी सुरस कथा वाचून दाखवायच्या आणि लाकडाचे, कागदाचे खेळातले नाटकघर करून द्यायचे हा त्याचा छंद. पोरगा त्या नाटकघरातल्या बाहुल्यांना चिंध्यांचे कपडे शिवत बसे. आजोबांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे डोके फिरलेले होते. ते लाकडाची विचित्र चित्रे कोरत, पंख फुटलेली जनावरे, पशूचे तोंड असलेली माणसे, आणि खेड्यांतून हिंडत ती वाटून टाकत. गावची पोरे त्यांच्या मागे ओरडत धावत. आपणही असेच वेडे होऊ, ही धास्ती नातवाच्या मनातून कधीच गेली नाही. मला मात्र वाटते, आजोबांकडून त्याने वेड घेतले नाही. हाताने काही घडवून देऊन टाकण्याची सवय तेवढी घेतली.

नेपोलियनच्या लढायांच्या काळात बाप शिपाई म्हणून गेला, खचलेल्या प्रकृतीने परतला आणि १८१६ मध्ये वारला. १८१९ साली, चौदाव्या वर्षी, हा उंच, हडकुळा, मोठ्या नाकाचा पोरगा एकटाच कोपनहेगनला निघाला. त्याला नाटकात जायचे होते. आवाज बरा होता, तो वयाबरोबर फुटला. नाच जमेना, नट म्हणून कोणी घेईना. राजाच्या नाट्यगृहाचे एक संचालक योनास कॉलिन यांना दया आली आणि त्यांनी सरकारी निधीतून त्याच्या शिक्षणाची सोय केली. सतरा वर्षांचा हा बाप्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांत बाकावर बसला. मुख्याध्यापक कमालीचे कडक. त्यांचे टोमणे त्याला म्हातारपणीही स्वप्नात ऐकू येत. पुढे परीक्षा, प्रवास, १८३५ मध्ये पहिली कादंबरी आणि त्याच वर्षी मुलांसाठी गोष्टींची एक पातळ पुस्तिका. अशा १५६ गोष्टी झाल्या आणि त्याचे नाव जगभर गेले. हे चरित्र कुठेही वाचायला मिळते, म्हणून मी ते भराभर सांगून टाकतो.

मला थांबायचे आहे ते त्याच्या जेवणापाशी. अँडरसनने लग्न केले नाही. ज्यांच्यावर जीव जडला त्यांनी दुसरीकडे संसार थाटले. कोपनहेगनात तो भाड्याच्या खोल्यांत, नाहीतर हॉटेलात राहिला आणि जेवायला ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जात राहिला. एके दिवशी कॉलिन यांच्याकडे, दुसऱ्या दिवशी भौतिकशास्त्रज्ञ ओर्स्टेड यांच्याकडे. हेच ते ओर्स्टेड, ज्यांनी १८२० मध्ये विजेचा आणि चुंबकाचा संबंध दाखवून दिला. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तसाच हा जगप्रसिद्ध लेखक वार लावून जेवला म्हणायचे. फरक एवढाच की विद्यार्थ्याचे वार शिक्षण संपले की सुटतात. याचे कधी सुटले नाहीत.

जेवण झाले की मुले भोवती जमत. मग खिशातून मोठी कात्री निघे. अँडरसन कागदाला घडी घाली, गोष्ट सांगायला लागे आणि बोलता बोलता कापत जाई. आधी पेन्सिलीने काही आखायचे नाही. कात्री कागदात कुठे चालली आहे हे मुलांना कळत नसे आणि गोष्ट कुठे चालली आहे हेही. शेवटी घडी उलगडली की समोर हात धरून उभ्या नर्तकी, राजहंस, करकोचे, पोटात दार असलेला पवनचक्कीचा माणूस. कधी फासावर लटकणारा, हातात हृदय घेतलेला चोर! एवढ्या राकट हातांतून इतकी नाजूक जाळी कशी निघते याचे पाहणाऱ्याला नवल वाटे. ती कापणावळ ज्या घरी झाली त्या घरच्या मुलांना मिळे. ती अर्थातच फाटे, हरवे, जळे. तरीही त्यातली शेकडो कात्रणे उरली आणि बरीचशी ओडेन्सच्या संग्रहालयात आज जपून ठेवली आहेत.

नाताळचे सजवलेले झाड ही प्रथा त्याच्या लहानपणी डेन्मार्कमध्ये नुकती येत होती, तीही बड्या घरांत. धोबिणीच्या एका खोलीत झाड कुठून येणार? त्याने झाडे पाहिली ती मोठेपणी, दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांत. ओर्स्टेड यांच्या घरी नाताळच्या आदल्या रात्री तो वर्षानुवर्षे जाई. डिसेंबर १८४४ मध्ये त्याने देवदाराच्या एका झाडाची गोष्ट छापली. रानातल्या झाडाला मोठे व्हायची घाई असते. त्याला तोडून घरात आणतात, रंगीत कागदाच्या जाळ्या कापून त्यांत खाऊ भरून टांगतात, सोनेरी मुलाम्याची सफरचंदे आणि अक्रोड लावतात, शेंड्यावर तारा बसवतात. एका रात्रीची शोभा. मग अडगळीची खोली आणि शेवटी सरपण. मुलांच्या गोष्टीत इतका कठोर शेवट करणारा माणूस झाडाखाली बसून टाळ्या पिटणारा नसतो. तो कडेला उभा राहून पाहणारा असतो, असे एक कादंबरीकार म्हणून मला वाटते.

त्यानंतरच्याच वर्षाची हकिकत आहे. १८४५ चा नाताळ अँडरसन बर्लिनमध्ये होता. राजदरबारापासून सगळीकडे त्याचे स्वागत चालले होते. स्वीडनची विख्यात गायिका येनी लिंड त्या वेळी बर्लिनमध्येच गात होती आणि अँडरसनचे मन तिच्यात गुंतलेले. नाताळच्या संध्याकाळी ती बोलावील, या आशेने त्याने बाकीची आमंत्रणे नाकारली. तिचे बोलावणे आले नाही. इतक्या मोठ्या माणसाला कोणीतरी बोलावले असणारच, असे जो तो समजून चालला. ती संध्याकाळ त्याने हॉटेलच्या खोलीत एकट्याने काढली. नंतर हे कळल्यावर येनी लिंडला वाईट वाटले आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री तिने त्याच्यासाठी पुन्हा एक झाड सजवले. फक्त त्याच्यासाठी.

ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण आमच्या वाड्यातही तसेच घडले होते. एका वर्षी नेमकी २४ डिसेंबरला गावात सर्कस होती. आम्ही सगळे तिकडे गेलो. मोठ्या माणसांना वाटले, बाई त्यांच्या चर्चमधल्या लोकांबरोबर असतील. चर्चमधल्या लोकांना वाटले, त्या वाड्यातल्या मुलांबरोबर असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा झाड उभे होते, करंज्यांचे ताट झाकलेले होते आणि फांदीवर पाच कोष टांगलेले होते. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर आमच्यापैकी एकेकाचे नाव. बाई काही बोलल्या नाहीत. आम्हाला करंज्या दिल्या. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. पुढे बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या गावी परक्या घरांतून मी कितीतरी दिवाळ्या जेवलो, तेव्हा कुठे ती सकाळ मला नीट समजली.

अँडरसनकडे परत येतो. १८५७ मध्ये तो चार्ल्स डिकन्सच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि पाच आठवडे हलला नाही. घरची माणसे कंटाळून गेली. तरी डिकन्सच्या एका मुलाला पुढे आठवत राहिली ती त्याची कात्री आणि तिच्यातून निघणाऱ्या चिमुकल्या आकृत्या.

आणि मग १८६० चे ते हृदय. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर कागदाचे विणलेले हृदय टांगतात. आज ते तिथल्या घराघरांत होते. त्यातला सर्वांत जुना ज्ञात नमुना आहे तो अँडरसनच्या हातचा. ही कृती त्यानेच शोधली असे कोणी छातीठोक म्हणत नाही, पण त्याच्या आधीचे हृदय अजून सापडलेले नाही. १८७१ मध्ये एका नियतकालिकात तिची कृती छापून आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बालवाड्यांतल्या मुलांच्या हाताला वळण लावण्यासाठी ती शिकवू लागले.

आपल्या शाळांत कागदी चटई विणतात, तिचीच ही चुलत बहीण, पण जरा खट्याळ. दोन रंगांचे घोटीव कागद घ्यायचे आणि प्रत्येकाची दुहेरी घडी घालायची. घडीच्या समोरचे, उघडे टोक गोल कापायचे. मग घडीच्या बाजूने दोन समांतर चिरा द्यायच्या म्हणजे तीन पट्ट्या होतात. चिरेची लांबी कागदाच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी. इथे कंजुषी केली की शेवटची पट्टी आत जात नाही, फाटते. आता दोन्ही कागद काटकोनात धरून विणायचे. चटईत पट्टी एकदा वरून, एकदा खालून जाते. इथे ती एकदा समोरच्या दुहेरी पट्टीच्या पोटातून जाते आणि पुढच्या पट्टीला आपल्या पोटात घेते. दुसरी पट्टी याच्या नेमकी उलट. विणून झाले की हृदय पिशवीसारखे उघडते. वर कागदाचा बंद चिकटवला की झाडाला टांगता येते आणि आत मूठभर फुटाणे, नाहीतर चार बदाम मावतात.

पैसा, मानमरातब सगळे मिळूनही स्वतःचे लाकडी सामान अँडरसनने प्रथम विकत घेतले ते १८६६ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी. बिनसामानाच्या खोल्या भाड्याने घ्याव्या लागल्या म्हणून. तोवर पलंगसुद्धा दुसऱ्याचा. प्रवासाच्या पेटीत मात्र एक दोरखंड कायम असे. हॉटेलला आग लागली तर खिडकीतून उतरायला! शेवटच्या आजारपणात, १८७३-७४ च्या सुमारास, त्याने घडीचा एक मोठा पडदा कात्रणांनी भरून काढला. देशोदेशींची माणसे, इमारती, चेहरे, जिथे जिथे तो पाहुणा म्हणून गेला त्या जगाची चित्रे कापून, चिकटवून. ४ ऑगस्ट १८७५ रोजी तो वारला, तोही मेल्खियर या स्नेही कुटुंबाच्या घरी. कोपनहेगनच्या दफनभूमीत योनास कॉलिन यांचा मुलगा एडवर्ड आणि सून हेन्रिएट यांना पुढे त्याच्याच शेजारी पुरले. जन्मभर ज्या घरचा आपण व्हावे असे त्याला वाटले, तेच हे घर. पण काही वर्षांनी त्या दोघांना त्यांच्या कुटुंबाच्या जागेत हलवले गेले आणि अँडरसन तिथे एकटा राहिला.

नातीचे पहिले हृदय फाटले. चीर आखूड पडली होती. दुसरे लाल आणि पिवळे, जरा तिरपे, पण उघडणारे झाले. त्यात तिने फुटाणे भरून पाहिले आणि लगेच खाऊन टाकले. मग मी कपाटातला पत्र्याचा डबा काढला. बाईंनी दिलेला कोष त्यात होता. चिठ्ठीवरची शाई पार उडाली आहे, देठाचा लाल दोरा मात्र शाबूत. तो शाळेत न्यायचा हट्ट तिने धरला. हा नको, हरवेल, असे म्हणायला मी तोंड उघडले होते, पण तोवर तिने तो हृदयाच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवलाही होता.