खडक वाचणारा डॉक्टर

गिडियन मँटेल यांचा जन्म १७९० मध्ये आग्नेय इंग्लंडमधील लुईस या गावी झाला. वडील जोडे बनवीत. लहान वयातच ते एका शल्यवैद्याच्या हाताखाली शिकू लागले आणि १८११ मध्ये लंडनहून पात्रता मिळवून गावी परतले. दिवसभर रुग्ण आणि बाळंतपणे, उरलेल्या वेळात दगडांच्या खाणी असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या परिसराला वील्ड म्हणतात. तिथे वर खडूचे थर आणि त्याखाली वालुकाश्म व चिकणमातीचे शेकडो मीटर जाडीचे थर आहेत. खडू समुद्रात साचलेला. मग खालचे थरही समुद्रातलेच असतील, असा तेव्हा समज होता. मँटेल यांना मात्र त्यांत गोड्या पाण्यातले शिंपले आणि जमिनीवरच्या वनस्पतींचे अवशेष सापडले. हा गाळ एखाद्या मोठ्या नदीने आणला असावा, हे त्यांनी ओळखले. तो साचला सुमारे १४ ते १२.५ कोटी वर्षांपूर्वी, हे आज आपण जाणतो. पुढे खोरे खचत गेले आणि त्यावर समुद्र पसरला.

याच थरांत त्यांना मोठे, झिजलेले दात मिळाले. नामवंत तज्ज्ञांनी आधी ते मासा किंवा गेंड्याचे ठरवले. मँटेल हटले नाहीत. इग्वाना सरड्याच्या दातांशी साम्य दिसल्यावर १८२५ मध्ये त्यांनी ‘इग्वानोडॉन’ हे नाव जाहीर केले. डायनोसॉर हा शब्द त्यानंतर १७ वर्षांनी आला.

या ध्यासाची किंमत मोठी होती. व्यवसाय मागे पडला. राहते घर संग्रहालय झाले, अखेर १८३८ मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. पहिल्या पुस्तकासाठी चित्रे कोरणारी पत्नी मेरी १८३९ मध्ये घर सोडून गेली. १८४१ मध्ये घोडागाडीच्या अपघातानंतर पाठीच्या असह्य वेदना सुरू झाल्या. कमरेजवळचा फुगवटा डॉक्टरांना गाठ वाटला. मँटेल अफूवर दिवस काढत राहिले आणि लिहीतही राहिले. १० नोव्हेंबर १८५२ रोजी अफूची मात्रा जास्त झाल्यानंतर त्यांचा मृत्यू झाला.

शवविच्छेदनात गाठ सापडलीच नाही. पाठीचा कणाच एका बाजूला वाकून पिळला होता. त्याला आपण स्कोलिओसिस म्हणतो. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ४३ वर्षे होती. जमिनीच्या पोटातले थर उलगडणाऱ्या या डॉक्टरच्या स्वतःच्या दुखण्याचे निदान मात्र मृत्यूनंतरच झाले.