तळ्याकाठचा चित्रकार

फूल पाहून चित्र काढणारे चित्रकार पुष्कळ असतात. पण ज्याने आधी बाग लावली, तळे खणवले आणि मग त्याच तळ्यातली फुले आयुष्यभर रंगवली, अशा एका चित्रकाराची ही हकीकत आहे. त्यांचे नाव क्लोद मोने.

मोने यांचा जन्म १८४० साली पॅरिस शहरात झाला. बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. तेथे बुदँ नावाच्या चित्रकाराने त्यांना उघड्यावर, ऊन-वाऱ्यात बसून चित्र काढायला शिकवले. ही सवय पुढे कधी सुटली नाही. मात्र अशी चित्रे त्या काळी लोकांना अर्धवट वाटत. ती विकली जात नसत. घरात पैशांची चणचण असे. १८७९ साली पत्नी कामीय वारली. पदरी दोन लहान मुले होती.

१८८३ साली मोने जिव्हर्नी या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आले. हळूहळू चित्रांना किंमत येऊ लागली. १८९० साली त्यांनी ते घर विकत घेतले आणि अंगणात गुलाब, आयरिस, डेलिया, सूर्यफुले लावली. १८९३ साली रेल्वेमार्गापलीकडची जमीन घेऊन तेथे तळे करायचे ठरवले. त्यासाठी ओढ्याचे पाणी वळवावे लागणार होते. गावकरी बिथरले. परदेशी रोपांनी पाणी विषारी होईल, मग गुरांनी काय प्यावे, कपडे कोठे धुवावेत, असे त्यांना वाटले. त्यांची भीती अगदीच वेडेपणाची नव्हती. ओढा सर्वांचा होता. मोने यांनी अर्जामागून अर्ज केले, तेव्हा कोठे परवानगी मिळाली.

तळ्यात कुमुदिनी लावल्या. उर्दूत आपण ज्या फुलाला नीलोफर म्हणतो, तेच हे फूल. फ्रेंच लोक त्याला नेनुफार म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच नीलोफरचा भाऊ आहे! तळ्यावर जपानी धर्तीचा हिरवा लाकडी पूल बांधला. एक माळी केवळ तळ्यासाठी होता. तो होडीत बसून वाळलेली पाने काढी, फुलांवरची धूळ धुई.

तळे होताच मोने यांनी चित्रांचा सपाटा लावला असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. पहिली काही वर्षे ते बहुतेक नुसते पाहतच राहिले. सकाळी पाणी कसे दिसते, ढग आला की रंग कसा पालटतो, हे त्यांनी डोळ्यांत साठवले. १८९९ साली मात्र पुलाची चित्रे एकामागून एक उतरली. १९०९ साली पॅरिसमध्ये त्यांनी कुमुदिनींची ४८ चित्रे मांडली. तळे एकच, पण एक चित्र दुसऱ्यासारखे नाही.

मग संकटे आली. १९११ साली दुसरी पत्नी ॲलिस वारली. १९१२ साली डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे कळले. १९१४ साली थोरला मुलगा गेला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. मोने गाव सोडून गेले नाहीत. मोठी चित्रशाळा बांधून त्यांनी सुमारे दोन मीटर उंचीची चित्रे सुरू केली. रंग नीट ओळखू येईनात, तेव्हा नळीवरचे नाव वाचून ते रंग घेत. १९१८ साली युद्ध थांबताच त्यांनी यांतील काही चित्रे देशाला देऊ केली. त्यांचे मित्र क्लेमान्सो तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान होते.

१९२३ साली डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. नव्या चष्म्यातून पाहिल्यावर जुने रंग मनास येईनात. काही चित्रे त्यांनी पुन्हा रंगवली, काही फाडून टाकली. दिलेला शब्द कायम होता, पण चित्रे हातून सुटत नव्हती. ५ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले, तेव्हाही ती घरीच होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती पॅरिसच्या ओरांजेरी संग्रहालयातील दोन लंबगोल दालनांत लागली. मधोमध उभे राहिले की चारही बाजूंना जिव्हर्नीचे तळेच दिसते.