पंडिता रमाबाई आणि दहा वर्षांची वर्गणी

वसतिगृहाच्या शुल्काचा आकडा पाहून पालकांच्या कपाळी आठी पडते, हे आम्ही शिक्षक जाणतो. अशा शाळेचा पैसा येतो कोठून व जातो कोठे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळाने त्यांचे आईबाप हिरावून नेले. १८८२ साली वैधव्य आले. पुढे विलायतेत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा मागितला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी त्यांच्या साहाय्यार्थ मंडळी स्थापन झाली. तिच्या सभासदांनी दरसाल वर्गणी देण्याचे मान्य केले, परंतु दहा वर्षेंच! कायमची ठेव अशी नव्हती.

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून गहजब उडाला, सल्लागार मंडळीतून रानडे व भांडारकर बाहेर पडले, व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. आपली मुलगी परधर्मात जाईल ही त्या पालकांची भीती आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

मुदतीकडे रमाबाईंचे लक्ष होते. वर्गणी बंद झाल्यावर मुलींनी काय खावे? म्हणून त्यांनी पुण्याहून पूर्वेस केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावविली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा हेतु. व्याजाऐवजी फळे, इतकाच काय तो फरक! मात्र झाडांस फळ धरण्यास वर्षे लागतात.

ती लोटण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. वर्गणी शारदा सदनाकरिता होती. ह्या नव्या तोंडांची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हती. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवण्यास बंदी झाली. तेव्हां झाडांसाठी घेतलेल्या त्या जमिनीवरच त्यांचा निवारा झाला. आम्हां मराठवाड्यातील लोकांस कोरड्या विहिरीची ओळख आहे. अशा वेळी नवे ताट वाढणे काय असते, हे निराळे सांगावयास नको.

१८९८ साली मुदत भरली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, हिशेब मांडला, आणि जुन्या मंडळीच्या जागी नवी मंडळी उभी राहिली. केडगावच्या संस्थेस मुक्ति हे नाव मिळाले. पुढील दुष्काळात तेथील संख्या हजारांवर गेली. शिक्षणाबरोबर मुली शेत पाहत, कापड विणीत, छापखान्यात खिळे जुळवीत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तेथेच छापले गेले.

१९२१ साली कन्या मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच रमाबाईंचे देहावसान झाले. मुक्तीचे काम त्यांच्या मागेही त्याच जमिनीवर चालू राहिले.