वेधशाळेतला फुलवेडा

कॅसिनी म्हटले की आपल्याला शनी आठवतो. त्या ग्रहाच्या कड्यांमधली काळी फट १६७५ साली जोवान्नी कॅसिनीने शोधली. त्याच्यामागून मुलगा, नातू आणि पणतू यांनी पॅरिसची वेधशाळा सांभाळली. पणतूचा मुलगा आँरी १७८१ साली त्या वेधशाळेतच जन्मला. मला मात्र या घराण्यात सर्वांत जवळचा वाटतो तो हाच.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली वडिलांनी वेधशाळा सोडली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास घडला. आँरी कायदा शिकून न्यायाधीश झाला आणि उरलेल्या वेळात फुले पाहू लागला. बँकेची नोकरी सांभाळून रात्री कादंबऱ्या लिहिलेल्या माझ्यासारख्याला त्या उरलेल्या वेळाची किंमत ठाऊक आहे.

त्याने हाती घेतले सूर्यफुलाचे कुल. हे कुल मोठे फसवे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक इवल्या फुलांचा मेळा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला सहदेवी आणि सदामंडी शेजारी शेजारी उगवतात. दोन्ही जांभळट, दोन्ही गोंड्यांच्या. पण गोंड्याखालची हिरवी छदे पाहा. सहदेवीची एकावर एक अनेक ओळींत, सदामंडीची एकाच ओळीत. सदामंडीची वरची पाने खोडाला बिलगतात, सहदेवीची नाही.

आँरी याहूनही खोल गेला. १८१२पासून त्याने इवल्या फुलातले स्त्रीकेसर, पुंकेसर, पाकळ्यांची नळी तपासून निबंध वाचले आणि कुलाचे सुमारे वीस गट पाडले. सहदेवी आणि सदामंडी ज्या दोन वेगळ्या गटांत मोडतात, ते दोन्ही त्याचेच, १८१९ सालचे. सदामंडीची एमिलिया ही प्रजातीही त्यानेच १८१७ साली मांडली. व्हाउचरवर तपासणाऱ्याची आद्याक्षरे असावीत, तशी अशा नावांमागे 'कॅस.' ही खूण असते. आपल्या कारळ्याच्या शास्त्रीय नावामागेही ती आहे. ते नाव १८२९चे.

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तिने त्याला नेले. वय अवघे पन्नास. मूलबाळ नव्हते. म्हातारे वडील मागे राहिले, ते १८४५पर्यंत जगले. घराण्याची ती शाखा तिथे संपली. कारळ्याची चटणी मात्र आपल्या पानात रोज असते, आणि ती वाढणाऱ्याला या न्यायाधीशाचे नावही ठाऊक नसते.